सरांच्या मागून सहा मिनिटं

आमच्या कॉलनीतल्या बायका हल्ली माझ्याकडे येतात, दार लोटून घेतात आणि दबक्या आवाजात विचारतात, "शैलाताई, खरं सांगा, तुम्हाला नेमकं काय होत होतं?" आवाज इतका दबका, की बाहेर उभ्या असलेल्याला वाटावं, या वयात माझं कुठेतरी प्रकरण चालू होतं. प्रत्येकीला पहिल्यापासून, हातवाऱ्यांसकट सांगायला मला आवडतं. पण आमच्या सरकारी क्वार्टरच्या भिंती पातळ आहेत आणि पलीकडच्या खोलीत माझा नवरा, विनय, पेपर वाचत असतो. परवा तो म्हणाला, "तू हे एकदाचं लिहून काढ. झेरॉक्स काढून वाटू. मला आता सगळे संवाद पाठ झालेत."

म्हणून लिहिते आहे. वैद्यकीय माहिती हवी असेल तर डॉक्टरांना विचारा. माझ्याकडे फक्त झालं ते आहे.

सगळं गॅसमुळे

सुरुवात अगदी फालतू होती. चालताना गळ्याच्या खाली काहीतरी आवळल्यासारखं व्हायचं. दुखणं म्हणावं असंही नाही. कुणीतरी आतून ब्लाउजचं हुक ओढतंय असं. कधी ते जबड्यापर्यंत जायचं, जरा धापही लागायची. उभं राहिलं की जायचं, आणि गेलं की वाटायचं, छे, काही नव्हतंच.

मी हे लोकांना सांगितलं, ही माझी चूक. दिल्लीत तुम्ही दुखतंय म्हणालात की समोरचा माणूस तत्काळ डॉक्टर होतो. समोरच्या क्वार्टरमधल्या चोप्रा आंटी म्हणाल्या, "गॅस है बेटा, अजवाइन फाँक लो." अजवाइन म्हणजे आपला ओवा. ऑफिसात सहकारी म्हणाले, "शैलाजी, आप टेन्शन बहुत लेती हैं." पुण्याहून जाऊबाईंनी फोनवर निकाल दिला, "आपल्या वयाला असंच होतं गं. मला तर पाठही धरते." म्हणजे माझं दुखणं सांगायला फोन केला आणि तिची पाठ ऐकून ठेवला. सगळ्यांच्या आधी मी स्वतःच गॅस ठरवून टाकला होता, कारण गॅस परवडतो.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगत नव्हते. माझी आई गॅसनेच गेली. म्हणजे सगळ्यांनी गॅसच म्हटलं होतं. ती दुपारी ओवा खाऊन आडवी झाली ती उठलीच नाही. तिचं तेव्हा जे वय होतं, त्या वयाला मी आता पोचले होते. तेव्हा प्रश्न एवढाच होता: माझ्या छातीत आहे तो खरंच गॅस, की आईचा गॅस?

दुधाच्या बूथपाशी

इथे मला माझी एक सवय सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी किस्से सांगते. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात नाटकांत कामं करून करून अंगात मुरलेली कला आहे ती. आणि किस्सा सांगायचा म्हणजे थांबावं लागतं. समोरच्याचा दंड धरायचा, "एक गंमत सांगते" म्हणायचं, आणि त्याला जागचा हलू द्यायचा नाही. संध्याकाळी आम्ही तिघं फिरायला निघायचो. मी, विनय आणि आमची कॉलेजातली मुलगी सई. दुधाच्या बूथपाशी मी थांबून एक किस्सा सांगायचे. जांभळाच्या झाडाखाली दुसरा. इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी तिसरा.

विनय म्हणायचा, "चल गं, पुरे." सई म्हणायची, "आई, चलो ना यार! ही तू काल पण सांगितलीस." दिल्लीत वाढलेलं पोर, तिला जबड्याला मराठीत काय म्हणतात ते येत नाही, कलेची कदर कुठून असणार?

बूथपाशी बहुतेक वेळा पानिपतचा किस्सा असायचा. तो इथे सांगितलाच पाहिजे. मी सेक्शन ऑफिसर असताना आमचे जॉइंट सेक्रेटरी होते सक्सेना सर. उंच, शांत, हात मागे बांधून चालणारे. एकदा आम्ही सगळे त्यांच्याबरोबर इन्स्पेक्शनला पानिपतला निघालो आणि वाटेत गाडी बंद पडली. सर खाली उतरले, बाह्या सरसावल्या आणि स्वतः धक्का मारायला लागले. आता सरांच्या बरोबरीने हात लावायचा कसा? म्हणून डेप्युटी सेक्रेटरी अदबीने सरांच्या मागे उभे राहिले. त्यांच्या मागे अंडर सेक्रेटरी. त्यांच्या मागे मी. माझ्या मागे क्लार्क. आणि आम्ही जीव खाऊन ढकलायला लागलो. गाडी जागची हलेना. घामाघूम झालेल्या सरांनी मान न वळवता विचारलं, "सब जोर लगा रहे हैं ना?" आम्ही एका सुरात ओरडलो, "जी सर!" आणि ते खोटं नव्हतं. लावत होतोच. सरांच्या पाठीला.

या किस्स्याला आजवर कुणी न हसता राहिलेलं नाही, सई सोडून.

पट्टा

शेवटी विनयने मला धरून डिस्पेन्सरीत नेलं, तिथून हॉस्पिटलात. ईसीजी साफ निघाला. मी विजयी मुद्रेने विनयकडे पाहिलं. पण डॉक्टर कोहली, माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, केसांचा घट्ट अंबाडा, हिंदीत म्हणाल्या (त्यांचं लांबलचक बोलणं मी मराठीतच लिहिते), "आडवं पडून काढलेला ईसीजी आडवं पडल्यापुरतं सांगतो. तुम्हाला तर चालताना होतं. ट्रेडमिल करू."

ट्रेडमिल म्हणजे सरकता पट्टा. छातीवर वायरी चिकटवून तुम्हाला त्यावर उभं करतात, आणि पट्टा हळूहळू वेग घेतो, चढ घेतो. हृदयाला पळवून बघायचं की ते कुठे कुरकुरतं. कल्पना उत्तम आहे. फक्त त्यात असं गृहीत धरलेलं आहे की हृदयाच्या खाली दोन बरे गुडघे असतील.

माझा उजवा गुडघा जिन्याकडे बघूनच रडतो. पट्ट्याने चढ घेतला मात्र, गुडघ्याने असा आवाज केला की तंत्रज्ञ राकेशने यंत्राकडे पाहिलं. "मॅडम, रेलिंग पर वजन मत डालिए!" "भैया, तो किस पर डालूँ?" हृदयाला घाम फुटायच्या आत गुडघ्याने राजीनामा दिला. पट्टा थांबवावा लागला. रिपोर्टवर शेरा, चाचणी अपूर्ण, निष्कर्ष नाही.

मला रडूच आलं. रागाचं. इतके दिवस हिंमत बांधून आले होते. परीक्षेत नापास झाले असते तरी चाललं असतं, पण पेपरच घेतला नाही म्हणतात! आता पुढे काय? थेट हातातून तार घालून अँजिओग्राफी? तिचं नुसतं नाव निघालं तरी मी विषय बदलायचे.

डॉक्टर कोहली म्हणाल्या, "ते ठरवण्याआधी एक साधी गोष्ट करू. चला. म्हणजे खरंच चालून दाखवा."

शंकूला प्रदक्षिणा

ही चालण्याची चाचणी बघून मला आधी अपमानच वाटला. यंत्र नाही, वायरी नाही. कॉरिडॉरच्या दोन टोकांना दोन नारिंगी शंकू, रस्ता खणताना ठेवतात तसे. या शंकूपासून त्या शंकूपर्यंत जायचं, वळसा घालून परत यायचं. सहा मिनिटं. पळायचं नाही, सपाट जमिनीवर आपल्याच चालीने, पण जमेल तितकं जास्त अंतर कापायचं. दम लागला तर उभं राहायचं, भिंतीला टेकायचं, बरं वाटलं की पुन्हा निघायचं. घड्याळ मात्र थांबणार नाही.

"और मॅडम," राकेश बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावत म्हणाला, "बात नहीं करनी है."

"बिल्कुल नहीं?"

"बिल्कुल नहीं. कुछ तकलीफ हो तो बताइए. बस."

बाकावर बसलेल्या विनयच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मी आमच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलेलं नाही.

मी निघाले. गुडघा सपाट जमिनीवर बरा वागत होता. दहाबारा पावलं टाकली असतील, तर समोर पाठमोरी एक उंच आकृती. हात मागे बांधलेले. संथ पावलं. माझं काळीज हललं, पण ते आजाराने नव्हे.

सक्सेना सर!

सरांची बायपास झाली होती. तपासणीला आले होते आणि बसून कंटाळा आला म्हणून येरझारा घालत होते, माझ्याच कॉरिडॉरमध्ये. त्यांना मागे पावलं ऐकू आली. मान किंचित वळली. "अरे शैला! तुम यहाँ?"

"जी सर. टेस्ट चल रहा है."

"गुड, गुड. चलो, साथ चलते हैं."

आता ज्याने सरकारी ऑफिसात आयुष्य घालवलेलं नाही, त्याला हे समजणार नाही. साहेबांबरोबर चालायचं म्हणजे त्यांच्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागे. हे कुणी शिकवत नाही आणि कुणी चुकतही नाही. सर निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती. माझा गोपनीय अहवाल आता ते लिहीत नव्हते. पण हे पायांना कोण सांगणार? मेंदूने हुकूम सोडला, पुढे जा. पायांनी फाइल परत पाठवली.

सर खिडकीपाशी थांबले, कबुतरं बघायला. मी थांबले. सर निघाले, मी निघाले. तिकडून राकेश ओरडतोय, "मॅडम, आगे निकलिए, इतनी जगह है!" मी डोळ्यांनी खुणावतेय, अरे बाबा, कळत नाही का. शेवटी दबक्या आवाजात म्हणाले, "भैया, सर हैं."

"मेरे लिए सब पेशंट हैं, मॅडम!"

"शैला," सर मागे न बघता म्हणाले, "वो पानिपत की रिपोर्ट आखिर गई थी कि नहीं?"

"गई थी सर."

"मॅडम, बात नहीं करनी!"

"वेरी गुड," सर म्हणाले, आणि सहा मिनिटं संपली.

नानीपेक्षा हळू

डॉक्टर कोहलींनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"इतना कम? मेरी नानी इससे ज्यादा चलती हैं. छाती में कुछ हुआ?"

"बिल्कुल नहीं."

"साँस फूली?"

"जरा भी नहीं."

"तो फिर आप चलीं क्यों नहीं?"

तेव्हा विनयने त्या दिवसातलं आपलं पहिलं वाक्य उच्चारलं. "डॉक्टर, इनके आगे सर थे."

मग मला सगळं सांगावं लागलं. सर सांगायचे तर पानिपत सांगणं आलंच. डॉक्टर हसून हसून टेबलावर डोकं टेकायच्या बाकी होत्या. डोळे पुसत म्हणाल्या, "थोडी विश्रांती घ्या, मग परत. या वेळी मी स्वतः उभी राहणार. आणि तुमच्या सरांना बसवते."

मी इतकी खूश झाले होते! अहो, मी चालले होते आणि काहीही झालं नव्हतं. गळा नाही, जबडा नाही. म्हणजे तो साधा गॅसच. मी सईला फोन केला, "काही नाही गं मला! सरांमुळे नापास झाले." ती म्हणाली, "आई, तू हॉस्पिटलमध्ये पण नौटंकी करतेस?" कँटीनमध्ये मी विनयला सामोसा घेऊन दिला. मला चहासुद्धा मिळाला नाही, राकेशने चाचणीआधी मनाई केली होती, पण त्याचंही काही वाटलं नाही. त्या तासाभरात माझ्याइतकं निरोगी माणूस उभ्या दिल्लीत नव्हतं.

पुढे कुणी नव्हतं

दुसऱ्या वेळी सर विनयच्या शेजारी बाकावर बसले होते. सगळा प्रकार त्यांच्या कानावर गेला होता आणि त्यांना त्याची भारी मौज वाटत होती. "शैला, आज कोई प्रोटोकॉल नहीं. समझो ऑर्डर है."

मी निघाले ती झपाट्याने. रिकामा कॉरिडॉर, पुढे कुणी नाही, मागे प्रेक्षक. पहिला वळसा ऐटीत घातला. दुसऱ्या वळशाला सरांकडे बघून हसले. मग परत येताना गळ्याखालचं हुक ओढलं गेलं.

दुर्लक्ष केलं. ते जबड्याकडे चढलं. डाव्या बाजूला भिंतीवर सूचनाफलक होता, रुग्णांसाठी काहीतरी लिहिलेला. मी त्याच्यापाशी थांबले आणि तिथे उभ्या असलेल्या राकेशचा दंड धरला.

"अरे भैया, इस बोर्ड से याद आया, एक बार हमारे ऑफिस में..."

"मॅडम, बात नहीं करनी है."

"बस एक मिनट, सुनो तो, बहुत मजेदार..."

डॉक्टर कोहली माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. आणि बाकावरून विनय उठून उभा राहिला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्याला चारचौघांत आवाज चढवताना पाहिलेलं नाही.

"शैला! तू गोष्ट सांगायला थांबलेली नाहीस."

"मग कशाला थांबलेय?"

"तू दुधाच्या बूथपाशी अशीच थांबतेस. असाच हात धरतेस. जांभळापाशी अशीच. टपरीपाशी अशीच." मग तो डॉक्टरांकडे वळला आणि त्याच्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, "डॉक्टर, पहले इनकी कहानियाँ चलते चलते होती थीं. दिवाली के बाद से रुककर होने लगीं. मैं समझा, लंबी हो रही हैं."

मी राकेशचा दंड सोडला. वाचकहो, किस्सा म्हणजे थांबणं, असं मी आत्ता वर मोठ्या तोऱ्यात लिहिलंय ना? तसं मी सगळ्यांना सांगत होते, कारण मला तसंच वाटत होतं. पण गेल्या वर्षी याच रस्त्यावरून चालत चालत मी पानिपत सांगितलेलं मला आठवलं. सई पुढे, मी मागून बोलत बोलत. माझी छाती थांब म्हणत होती आणि माझी जीभ तिला निमित्त पुरवत होती. मला पत्ता नव्हता.

डॉक्टरांनी विचारलं, "आत्ता आवळतंय?"

"हो," मी म्हणाले. एवढा छोटा संवाद मी आयुष्यात केला नव्हता.

राकेशने मला बाकाकडे नेलं. तिथे सर उभे होते, जागा करून. जॉइंट सेक्रेटरी सेक्शन ऑफिसरसाठी उठून उभा राहिला होता, आणि मला त्याची मजाही घेता येईना.

थोड्या वेळाने, आवळणं उतरल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "या चालण्यावरून मला सगळं कळत नाही. कुठली नळी, किती बंद, ते नाही. पण रोजच्या चालीत तुम्ही कुठे अडता ते दिसलं. सरांच्या चालीने चालत राहिला असतात तर हे कधी दिसलंच नसतं. आता अँजिओग्राफी करायची. टाळायची नाही."

वॉर्ड

हॉस्पिटलात पहिला बळी जातो तो माणसाच्या रुबाबाचा. बांगड्या काढा, नाकातली चमकी काढा, नखांचं पॉलिश पुसा. मग तो झगा, ज्याला पाठ नावाचा भागच नसतो. दर थोड्या वेळाने नवीन माणूस येऊन तेच विचारणार. "नाम? उम्र? शुगर है? पहले कभी ऑपरेशन?" एकाला मी वैतागून म्हटलं, "भैया, आप लोग आपस में बोलचाल नहीं करते क्या?" तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, नाम?"

सकाळी पाच माणसं नाडी बघून गेली. नाश्त्याला मीठ नसलेली खिचडी आली. ती बघून माझी नाडी परत बघायला हवी होती.

पण दुपारी सगळे गेले आणि मी छताकडे बघत पडले, तेव्हा मला गंमत सुचेना. आईसुद्धा दुपारी अशीच आडवी झाली होती. तिला कुणी चालवून बघितलं नाही. तीसुद्धा भाजी आणताना वाटेत थांबायची, प्रत्येक ओळखीच्या दारात. आम्ही म्हणायचो, आईला गप्पा फार. मी हा विचार पुढे नेला नाही. तिथेच ठेवला. अजून तो तिथेच आहे.

विनय दोन दिवस माझ्याशी धड बोलत नव्हता. डबा आणायचा, चादर नीट करायचा, खिडकीबाहेर बघायचा. शेवटी मी म्हटलं, "चिडलायस माझ्यावर?"

"नाही."

"मग तोंड का असं?"

तो औषधाच्या पट्टीचा कागद दुमडत म्हणाला, "मी रोज तुला 'चल गं, पुरे' म्हणायचो."

मी त्याचा दंड धरला. या वेळी निमित्त नको होतं.

सई कॉलेजातून थेट यायची आणि दारात उभी राहून माझा चेहरा वाचायची. एकदा हळूच म्हणाली, "आई, बाबा म्हणाले तुला धाप लागायची. धाप म्हणजे साँस फूलना ना?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मला हा वर्ड माहीतच नव्हता." शिकायला वाईट वेळ निवडली होती, पण शब्द शिकली.

तार हातातूनच घातली. जितकी भीती वाटली होती तितकं दुखलं नाही, हे मी भित्र्या मैत्रिणींसाठी मुद्दाम लिहिते. पडद्यावर माझ्या हृदयाच्या नळ्या दिसत होत्या, हिवाळ्यातल्या झाडासारख्या. एका फांदीवर चिमटा काढल्यासारखी जागा. तिथे एक बारीक जाळी बसवली. संपलं. गॅस नव्हता.

हम तो पहले ही

घरी आले तर समोर चोप्रा आंटी उभ्या. मला मिठी मारली, गाल कुरवाळला आणि म्हणाल्या, "मैं तो पहले दिन से कह रही थी, यह हार्ट है."

मी विनयकडे पाहिलं. विनयने आकाशाकडे पाहिलं. डॉक्टरांनी चिडायचं नाही म्हणून बजावलं होतं, नाहीतर मी त्यांच्या तोंडात मूठभर ओवा कोंबला असता. ऑफिसातले तेच टेन्शनवाले फोन करून म्हणाले, "हमको तो शक था ही." जाऊबाई म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं, वेळेवर दाखव?" माझ्याशिवाय सगळ्यांना सगळं माहीत होतं, असं दिसतंय. मला कळवायचं तेवढं राहिलं.

दबक्या आवाजात विचारायला येणाऱ्या बायकांना मी आता एवढंच सांगते. आपण चालताना कुठे थांबतो ते बघा. दुकानाची पाटी वाचायला, चपलेचा पट्टा नीट करायला, पिशवी या हातातून त्या हातात घ्यायला, शेजारणीशी दोन शब्द बोलायला. ते निमित्त काढून टाका आणि न थांबता चालून बघा. थांबावंच लागलं, तर अजवाइन विकत घेऊ नका, डॉक्टर गाठा. आणि गुडघ्यामुळे पट्ट्यावर चढता येत नसेल तर चाचणी राहूनच गेली म्हणून घरी बसू नका, दुसरं काही आहे का ते विचारा. फक्त तुमच्या पुढे कोण चाललंय ते आधी बघून घ्या.

गोष्ट की दम

आता शेवटचं.

आम्ही तिघं पुन्हा संध्याकाळी निघू लागलो. डॉक्टरांनी हळूहळू वाढवत न्या म्हटलं होतं. पण माझी कला संपली. बूथपाशी मी एखाद्या वाक्यावर जरा थांबले, निव्वळ परिणामासाठी, की दोघं माझ्या तोंडाकडे असे बघायचे जणू पडद्यावर नळ्या दिसतायत. सई विचारायची, "आई, गोष्ट की दम?"

"गोष्ट!" मी ओरडायचे. "अगं, याला विराम म्हणतात!"

पुढच्या वळणावर पुन्हा. "गोष्ट की दम?" "गोष्ट!" कुठल्या नटाला भर प्रयोगात कुणी नाडी विचारत असेल? मी इतकी वैतागले की सगळे किस्से चालता चालता, धापा न टाकता, एका दमात सांगून टाकू लागले. आणि ते मला जमत होतं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी वैतागायचं थोडं कमी केलं.

मग एक दिवस उकाडा फार होता. मी जेवणानंतर लगेच निघायचा हट्ट केला होता आणि नेहमीपेक्षा लांब गेलो होतो. परत येताना बूथपाशी मी थांबले. गळ्याला काही नव्हतं. नुसताच श्वास कमी पडला, चढ चढून आल्यावर कुणालाही पडतो तसा.

सईने बघितलं. "आई, गोष्ट की..."

"दम," मी म्हणाले.

दूध घ्यायला आलेली माणसं बघायला लागली. तिघं बूथपाशी नुसते उभे, दूध न घेता. मला ते बघणं नकोसं झालं. अशा वेळी दंड धरून काहीतरी सांगायला सुरुवात करायची, हे माझं काम. आणि माझ्यापाशी त्याला पुरेल एवढी हवा नव्हती.

तेव्हा विनयने माझा दंड धरला. ज्याने आजवर कुणाला साधा विनोद सांगितला नाही, तो माझा नवरा घसा साफ करून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "एक गंमत सांगतो. हिचे एक सर होते. सक्सेना. एकदा पानिपतला चालले होते, की येत होते... हां, येत होते. तर गाडी बंद पडली. आणि सर गाडीत बसले होते..."

मी डोळे मोठे केले. त्याने ते बघितले नाहीत.

"...म्हणजे सर आत, आणि बाकीचे सगळे बाहेरून धक्का मारतायत. आणि मग सर खिडकीतून काहीतरी म्हणाले. काय म्हणाले बरं? सई, काय म्हणाले गं?"

"मला काय माहीत, बाबा! मी कधी ऐकलीच नाही नीट!"

"जाऊ दे. पण ते फार मजेशीर होतं."

माझ्या किस्स्याचा असा खून मी उघड्या डोळ्यांनी बघत उभी होते. एकेक शब्द चुकीचा. आणि तो घामाने डबडबलेला, लाल कानांचा, माझा दंड घट्ट धरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होता, "तर सर गाडीत बसले होते..."

मी एक श्वास घेतला. तो पुरला. दुसरा घेतला. तोही पुरला. आणि तिसरा पूर्ण, खोल, छातीच्या तळापर्यंत गेला, तशी मी ओरडले,

"अरे, सर गाडीत नव्हते! सर धक्का मारत होते!"

"आई," सई हसत रडत म्हणाली, "ही गोष्ट आहे ना?"

"ही गोष्ट आहे," मी म्हटलं, आणि चालायला लागले. "या माझ्या मागून. पहिल्यापासून सांगते."